नोंदणी नंतर, आधी सोबत

पत्र:

"ताई, मी २७ वर्षांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, तालुक्याला कृषी सेवा केंद्रात कामाला जातो. मी गे आहे. आमच्या भागातले आम्ही सहा जण एकमेकांना ओळखतो, त्यातल्या दोघांची लग्नं झाली आहेत. दिवाळीनंतर आमच्यातला एक मित्र गेला. घरचे टीबी सांगतात. मला त्याने शेवटी शेवटी खरं सांगितलं होतं, तपासणी फार उशिरा झाली होती. तेव्हापासून वाटते की एक संस्था काढावी, लोकांना एचआयव्हीची माहिती द्यावी. पण इथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक मॅडम माझ्या मावशीच्या गावच्या आहेत आणि आमची आशाताई माझी चुलत वहिनी आहे. गावात कोणाले समजलं त जगनं मुश्किल होते. त्यात आमच्यातल्या एका लग्न झालेल्याचा रिपोर्ट परवा पॉझिटिव्ह आला. तो बायकोला सांगायला तयार नाही. आम्ही सांगावं का? आणि संस्थेची नोंदणी कुठे करायची?"

उत्तर:

भाऊ,

तुझं पत्र वाचून आधी तुमच्या त्या गेलेल्या मित्राचाच विचार मनात आला. त्याचं खरं दुखणं तुला ठाऊक होतं, आणि तरी त्याच्या तेरवीला तू गावातल्या चार लोकांसारखा गुमान जेवून परत आला असशील. कोणाजवळ बोलायची सोय नाही. ते आतल्या आत फार दिवस दाबून ठेवू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, फुकट आहे. त्याच्या जाण्यानंतर तू हातपाय गाळून बसला नाहीस, काही करावं म्हणतोस, याचं मला फार अप्रूप वाटलं. म्हणून सविस्तर लिहिते. नोंदणीचं तू शेवटी विचारलंस, ते आधी घेते.

नोंदणी आत्ता करू नकोस. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात. सातही जणांची नावं, पत्ते, धंदा, सह्या कागदावर चढतात. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, मग दरवर्षीचा हिशेब, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. ज्याला आशाताईच्या नुसत्या नजरेची धास्ती आहे, त्याने "समलिंगी पुरुषांचे आरोग्य" या उद्देशाखाली आपलं नाव सरकारी दप्तरात लिहून द्यायचं, हे मला पटत नाही. दुसरं असं की नोंदणी झाली की अध्यक्ष कोण, सचिव कोण, बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या, यातच पहिलं वर्ष जातं. चांगली चांगली मंडळं त्या वादात मोडलेली मी पाहिली आहेत. काम उभं राहिलं, माणसं जमली आणि खरोखरच पैशाचा व्यवहार सुरू झाला, तर नोंदणीचं तेव्हा बघता येईल.

तुला वाटतं, मित्र माहितीअभावी गेला. मला तसं वाटत नाही. एचआयव्ही काय असतो हे त्याला शाळेपासून ठाऊक असणार. एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि दवाखान्याच्या पाटीवर ते वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. त्याला मिळाला नाही तो तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर शेजारी बसणारा माणूस. पत्रकं वाटणं, १ डिसेंबरला लाल फिती लावून कॉलेजच्या पोरांची रॅली काढणं, हे इतर लोक करतातच आणि करोत. तुम्ही सहा जण जे करू शकता ते दुसरं कोणीच करू शकत नाही. ते म्हणजे सोबत. कोणीतरी तपासणीला जायला घाबरतोय, त्याच्याबरोबर एसटीत बसायचं. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात मळमळतं, झोप लागत नाही, तेव्हा रोज रात्री एक फोन करायचा. औषध आणायला जायचं आणि त्याच दिवशी कापूस वेचणीला मजूर लागलेत, तर त्याच्या शेतात कोणीतरी उभं राहायचं.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. जानेवारी १९८२ मध्ये न्यूयॉर्कला सहा पुरुषांनी मिळून 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' हा गट सुरू केला. त्या वेळी या आजाराला एड्स हे नावसुद्धा पडलेलं नव्हतं. विषाणू सापडला नव्हता, औषधाचा तर प्रश्नच नव्हता. सुरुवातीलाच त्यांनी मदतीसाठी एक फोन सुरू केला आणि आजारी माणसांना सोबती नेमून दिले. हे सोबती घरी जाऊन स्वयंपाक करत, दवाखान्यात नेत, बाजार आणून देत. तिथून पुढे जगभर जे गट उभे राहिले त्यातल्या कित्येकांनी हीच वाट धरली. आपल्याकडे मुंबईत १९९४ मध्ये अशोक रावकवींनी हमसफर ट्रस्ट सुरू केला. तुझ्या परिस्थितीला जास्त जवळचं उदाहरण मात्र सांगलीचं आहे. तिथे 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांसोबत काम केलं. निरोध वाटण्यापासून आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं त्या बायकाच करू लागल्या. त्यातून त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि त्यांच्याच आधाराने पुढे पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची 'मुस्कान' झाली. नवं घर बांधायच्या आधी ते लोक शेजारणीच्या ओसरीवर बसले. तुम्हालाही ते जमेल.

न्यूयॉर्कच्या त्या सहा जणांजवळ काहीच नव्हतं. तुमच्याजवळ फुकट चाचणी आहे, रोजची एक गोळी आहे आणि बाजूने कायदा आहे.

पहिलं काम, तुम्ही उरलेल्या पाच जणांनी स्वतःची तपासणी करून घ्यायची. दुसऱ्याला "चल" म्हणणाऱ्याने ती खोली आतून पाहिलेली असावी. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. ते जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असतं. तुमच्याच तालुक्यात जायला हवं असं काही नाही. पुसदचा माणूस वणीला गेला किंवा वणीचा वर्ध्याला गेला तरी कोणी परत पाठवत नाही. फक्त आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी ओपीडीत अर्धा तालुका असतो.

खोलीत समुपदेशक आधी एकट्याशी बोलतात. का आलात विचारलं तर सरळ सांगायचं, "माझे पुरुषांशी संबंध आहेत." हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघताना जीभ जड होते. म्हणून आधी आपसात, एकमेकांसमोर म्हणून पाहा. हसू येईल, येऊ दे. मग तुमची संमती घेतात, रक्त घेतात आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत काही दिसलं तर वेगवेगळ्या किटने आणखी दोन चाचण्या करतात, एकीवरून कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात देतात. संबंध येऊन थोडेच दिवस झाले असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, तीन महिन्यांनी परत जा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, आणि त्याच वेळी सिफिलिसचीही तपासणी मागून घ्या.

आता तुझ्या मावशीच्या गावच्या मॅडम. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे कोणाच्याही एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, मग सांगणारा दवाखान्यातला असो की बाहेरचा. बहुतेक समुपदेशक हे जीवापाड पाळतात. खेड्यांतल्या कितीतरी घरांची गुपितं त्या खोल्यांत वर्षानुवर्षं सुखरूप आहेत. तरीही तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कायदा दाद देतो ती बोभाटा झाल्यावर, चुलीजवळची कुजबुज तो थांबवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या तालुक्यात जा, त्यात कमीपणा काही नाही. आशावहिनीला यात ओढूच नकोस. बाई कितीही चांगली असली तरी तिला सासर आहे, शेजार आहे. तिच्यावर हे ओझं टाकणं तिच्यावरही अन्याय होईल.

या तपासण्यांचा मी एवढा आग्रह का धरते तेही सांगते. २०१७च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के निघालं. त्याच वर्षी देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्क्यांच्या आसपास होतं. गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक असतं, लवकर खरचटतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तू स्वतःच लिहिलं आहेस: फार उशिरा तपासणी.

मग युती कोणाकोणाशी करायची? जिल्हा रुग्णालयात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक असतं, त्याला तिथे सगळे डापकू म्हणतात. जिल्ह्यात 'एमएसएम'साठी, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी, टीआय प्रकल्प (एचआयव्ही रोखण्याचा सरकारी मदतीचा प्रकल्प) कोणती संस्था चालवते, आणि खेड्यांसाठी लिंक वर्कर, म्हणजे गावोगाव हे काम करणारे कार्यकर्ते, आहेत का, हे तिथे कळेल. समोर जायचं नसेल तर १०९७ वर फोन कर. ही नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. टीआयमध्ये पीअर म्हणून काम करणारे आपल्यातलेच असतात. निरोध, जेली, नियमित तपासणी, लैंगिक आजारांचे उपचार, हे सगळं ते आधीपासून करतात. त्यांच्यापाशी तालुक्यातली माणसं कमी आहेत, तुमच्यापाशी साधनं नाहीत. दोघांची गाठ पडली की निम्मं काम झालं. नागपूरला जाणं-येणं असेल तर तिथे सारथी ट्रस्ट आपल्या समाजासाठी काम करतो, त्यांच्याशीही बोल. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे जिल्हा नेटवर्क असतात, त्यांना जरूर भेट. गोळ्या, टीबी, दाखले, दवाखान्यातली कोणती खिडकी किती वाजता उघडते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. एक वकील आणि एक समजूतदार मेडिकलवाला मिळाला तर फारच उत्तम.

आणखी एका युतीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. तालुक्याच्या स्टँडमागे संध्याकाळी जे उभे असतात, ज्यांना गाव 'बायल्या' म्हणून हाक मारतं, ते कोथी तुमच्या सहा जणांत आहेत का? तृतीयपंथी आहेत का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. "त्यांच्यासोबत दिसलो तर आपणही ओळखू येऊ" असं वाटणं मला कळतं, तुझ्यासारख्या कितीतरी मुलांनी मला ते सांगितलं आहे. पण विचार कर. गावाच्या शिव्या, पोलिसांची दमदाटी, पैशासाठी होणारा छळ हे सगळं आजवर पहिल्यांदा त्यांनी अंगावर घेतलं. कोणता डॉक्टर नीट वागवतो आणि कोणता हाकलून देतो, कोणत्या लॉजवर धोका आहे, हे त्यांना पाठ आहे. चारचौघांत त्यांच्यासोबत फिर असं मी म्हणत नाही. जिल्ह्याच्या टीआयच्या केंद्रात, दाराआड, एका सतरंजीवर बसायला काय हरकत आहे? त्यांना सोडून केलेलं काम मोबाइल असलेल्या पाच-पंचवीस पोरांपुरतं राहील.

तसेच स्वतःला काहीच न म्हणवणारे पुरुष. बायकापोरं आहेत, ट्रक चालवतात, हंगाम संपला की पुण्याला, सुरतेला, हैदराबादला कामाला जातात, तिथे संबंध येतात, आणि "गे" हा शब्द त्यांना आपला वाटत नाही. त्यांना तो घ्यायला लावू नका. "भाऊ, वर्षातून दोनदा रक्त तपासून घे, मीही घेतो" एवढंच पुरे. अठरा वर्षांखालच्या मुलाला मात्र गटात घेऊ नका. एखादा फारच एकटा पडलेला दिसला तर त्याला १०९८ चा चाइल्डलाइनचा नंबर द्या.

आता गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात अशा काही गोष्टी. निरोध सगळ्यांना माहीत आहे, जेली कोणालाच माहीत नाही. खेड्यात खोबरेल तेल वापरतात, कोणी व्हॅसलीन, कोणी नुसती थुंकी. तेलाने आणि व्हॅसलीनने निरोधचं रबर कमजोर पडतं, ऐन वेळी फाटतं. थुंकी लगेच वाळते. पाण्याची जेलीच लागते. टीआयकडून ती मिळते, किंवा मेडिकलवाल्याला "वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट" म्हणून मागवायला सांगायचं. (तुमच्या गटाने तालुक्याच्या एका दुकानात जेली कायम मिळेल एवढी जरी व्यवस्था केली, तरी मी म्हणेन वर्ष सार्थकी लागलं.) दुसरं, निरोध पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची सवय. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, डिकीत त्याहून जास्त तापतं. अशा उन्हात पडलेला निरोध वापरायचा नाही. घरात थंड जागी ठेवायचा, निघताना एक-दोन खिशात घ्यायचे.

लैंगिक आजारांत सिफिलिस फसवा आहे. एक फोड येतो, दुखत नाही, आपोआप बरा होतो, आणि माणूस समजतो की गेलं. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातातळपायावर पुरळ उठते, तीही जाते. आजार मात्र आतच असतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. गुदद्वाराच्या आतलं इन्फेक्शन तर पुष्कळदा काही लक्षणच दाखवत नाही. डॉक्टरला खरं सांगितलं नाही तर तो पुढूनच तपासणार आणि "काही नाही" म्हणून पाठवणार. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे उपचार फुकट आहेत. स्टँडजवळ तंबू ठोकून बसणाऱ्या गुप्तरोगवाल्यांना पाच-पाच हजार देऊन येणाऱ्यांना हात धरून तिकडे न्या. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तीही घ्या.

निरोध फाटला किंवा वापरलाच गेला नाही तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, २८ दिवस घ्यायचं. त्याला पेप म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून सकाळची वाट न पाहता एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीचे उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राच्या) किंवा माहितीतल्या डॉक्टरशी बोला. ज्याला वारंवार धोका असतो त्याच्यासाठी आधीच घ्यायची गोळी आहे, प्रेप. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर खाजगीत मिळते. सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि किडनीची तपासणी लागते, आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. प्रेपने सिफिलिस अडत नाही, हे सांगायला विसरू नका.

पैसे उकळणाऱ्यांबद्दल तू लिहिलं नाहीस, पण हे तुमच्या दारात कधीतरी येणारच म्हणून सांगते. ॲपवरून गोड बोलून बोलावतात, पांदण रस्त्याला चौघे दबा धरून असतात, व्हिडिओ काढतात आणि मोबाइलवरून पैसे पाठवायला लावतात. "पोलिसात देतो, ३७७ लागेल" ही त्यांची धमकी, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम. ती पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलमच नाही. खंडणी मात्र गुन्हा आहे, कलम ३०८. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं. पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नका, वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, त्यांचा फोन १५१००. आणि हे ध्यानात ठेव की ३७७ विरुद्धचा लढाच मुळी एचआयव्हीच्या कामातून उभा राहिला. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात निरोध द्यायला नकार मिळाला, म्हणून 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या संघटनेने पहिली याचिका केली. २००१ मध्ये लखनौला निरोध वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना पकडून महिन्यावर तुरुंगात ठेवलं. त्यांनी भोगलं म्हणून आज तू जेलीची बाटली पिशवीत घेऊन निर्धास्त एसटीत बसू शकतोस.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, तुमच्या लग्न झालेल्या मित्राचा.

त्याच्या बायकोला तुम्ही सांगायचं नाही. रागाच्या भरातही नाही, निनावी चिठ्ठीने नाही, बहिणीच्या तोंडून तर नाहीच. तो तुमच्याजवळ बोलला तो विश्वासाने. तो विश्वास मोडला तर उद्या तालुक्यातला एकही माणूस तुमच्यासोबत तपासणीला येणार नाही. कायद्यानेही तुम्हाला तो अधिकार नाही.

पण "त्याचं तो बघेल" म्हणून गप्प बसणंही मला मान्य नाही. त्या घरात एक बाई आहे आणि तिच्या रक्तात काय चाललंय हे तिला माहीत नाही. ती गरोदर असू शकते, अंगावर पाजत असू शकते. तिच्या जिवाची किंमत त्याच्या अब्रूपेक्षा कमी धरून कोणी सल्ला मागत असेल तर मी तो देणार नाही. तुझ्या पत्राचा सूर तसा नाही, तू विचारलंस यातच तुझी काळजी दिसते.

मग मार्ग कोणता? मित्राला एकटं सोडू नका. या आठवड्यातच त्याच्यासोबत एआरटी केंद्रात जा. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजमध्ये आहे, ओळखीची भीती वाटत असेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जा. २०१७ पासून, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी-फोर (रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) कितीही असो, उपचार लगेच सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते, आणि ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. टीबीची तपासणी त्याच वेळी करतात, तीही होऊ दे, तुमच्या गेलेल्या मित्राच्या बाबतीत ती वेळेत झाली नसावी. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, पाहतात. तोवर घरात निरोध वापरायचाच, याला पर्याय नाही. आणि दुसऱ्याला लागण होऊ नये याची खबरदारी घेणं हे कायद्यानेच त्याच्यावर टाकलेलं कर्तव्य आहे.

बायकोला सांगण्याचं काम समुपदेशकाच्या खोलीत करायचं. तिथे त्याने म्हणायचं, "मला सांगायचंय, पण जमत नाही, मदत करा." त्या दोघांना एकत्र बसवून बोलतात, तिची तपासणी करतात. आधी त्याला समजावून, वेळ देऊन, तरीही त्याने नाकारलं आणि तिला खरा धोका दिसला, तर त्याला कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात. कायद्यात तशी तरतूद आहे. सांगितल्याने तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर थांबण्याचीही तरतूद आहे. हा तोल सांभाळायचं शिक्षण त्या लोकांनी घेतलेलं असतं, तुम्ही-आम्ही घेतलेलं नाही. लागण कशी झाली, कोणापासून झाली, हे उघड करण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करणार नाही. तिला तिच्या तब्येतीबद्दल कळणं हा तिचा हक्क आहे. त्याच्या मनातलं बाकीचं कधी आणि किती सांगायचं ते तो ठरवेल. माझ्या मते ही सवलत त्याला मिळायला हवी, नाहीतर माणसं तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचणारच नाहीत.

त्याला एक गोष्ट माझ्या वतीने सांग, कारण बहुतेक तो आत्ता सगळं संपलं असं समजून बसला असेल. २०१९ मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 'पार्टनर टू' नावाचा. त्यात ७८२ समलिंगी जोडपी होती, प्रत्येक जोडीत एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. पॉझिटिव्ह जोडीदार नियमित गोळ्या घेत होता आणि त्याचा व्हायरल लोड दाबलेला होता. निरोधशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण निघालं नाही. गोळ्या न चुकता घेतल्या आणि व्हायरल लोड दबलेला राहिला तर तो बायकोसोबत राहू शकतो, त्यांना निरोगी मूलही होऊ शकतं. ती पॉझिटिव्ह निघाली तरी तिलाही हेच औषध आहे, आणि गरोदरपणात वेळेवर उपचार मिळाला तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी राहते. हे त्याने बायकोजवळ बोलायच्या आधी त्याला स्वतःला पटलेलं असलं पाहिजे.

व्हॉट्सॲपचं तेवढं सांभाळा. ग्रुपमध्ये कोणाचाही रिपोर्ट, गोळ्यांच्या डबीचा फोटो, पूर्ण नाव टाकायचं नाही. मेसेज आपोआप जाण्याची सेटिंग लावा, स्क्रीनवर मजकूर दिसणार नाही अशी करा. घरात फोन लेकरांच्या हातात असतो. नवा माणूस जोडायचा तर सहाही जणांना विचारून, आणि आधी कोणीतरी त्याला समोरासमोर भेटल्यावरच. कोणासोबत कोण गेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, आपसातही नाही. हा एक नियम मोडणाऱ्याला ग्रुपमधून काढायला संकोच करू नका.

पहिल्या महिन्यात तपासणी, डापकूतून टीआयचा पत्ता आणि मित्राच्या गोळ्या, एवढंच कर. टीआयवाले भेटले, किंवा कोणी टोलवाटोलवी केली, तरी लिही. जिल्ह्यात कोणाला गाठायचं ते मग नेमकं सांगेन.

तुझी,
ताई